मुंबईचा कोट आणि मुंबईचीं उपनगरें

बोरिवलीस किंवा मुलुंडास राहणारा मनुष्य सकाळीं कामास निघाला म्हणजे 'मुंबईस जातों' असें घरांत सांगून निघतो. वस्तुतः हीं दोन्ही ठिकाणें १९५७ सालापासून मुंबईच्याच म्युनिसिपल हद्दींत मोडतात. तेव्हां तो मुंबईंतून मुंबईसच जात असतो. त्याच्या आजोबांच्या तोंडीं याहून जुना शब्द होता. ते 'कोटांत जातों' असें म्हणत. कोटाच्या भिंती पाडून दीडशेहून अधिक वर्षें लोटलीं, पण भिंतींच्या आंत काम आणि भिंतींच्या बाहेर घर ही वांटणी बोलण्यांत शिल्लक राहिली. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र हा शब्दप्रयोग खोटा ठरूं लागला आहे. बोरिवलीची ती गाडी चर्चगेटपर्यंत जाते खरी. परंतु तिच्यांतील पुष्कळसे लोक आतां वांद्र्यासच उतरतात आणि पूर्वेकडील पुलावरून रिक्षांच्या रांगेकडे धांवत सुटतात. त्यांच्या कचेऱ्या नरिमन पॉइंटवरून उठून मिठी नदीच्या कांठीं, वांद्रे-कुर्ला संकुलांत गेल्या आहेत.

मोठ्या शहरांच्या बाबतींत ही गोष्ट अपूर्व नव्हे. शहराचा जुना मध्यभाग आणि भोंवतालचीं उपनगरें यांच्यामध्यें मोठमोठ्या इमारती, बाजारपेठा, न्यायालयें, नाट्यगृहें कोठें व्हावींत याविषयीं जगांत सर्वत्र चढाओढ चालते. लंडनच्या जुन्या 'सिटी'स ओस पडलेल्या गोद्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या कॅनरी वॉर्फशीं सामना करावा लागला. पॅरिसनें तर आपल्या उंच कचेऱ्या वेशीबाहेर, ला देफांस येथें, मुद्दाम नेऊन ठेविल्या. सर्वसाधारण समज असा कीं, ही चढाओढ व्यापाऱ्यांची आणि जमीनमालकांची असते. जेथें जागा स्वस्त आणि जाणें-येणें सोईचें, तेथें धंदा आपोआप जातो, जसें पाणी उताराकडे जातें. मुंबईपुरता हा समज अर्धाच खरा आहे. ज्या जमिनींवर येथील चढाओढ झाली, त्या बहुतेक सर्व सरकारच्या किंवा सरकारनें नेमिलेल्या मंडळांच्या होत्या. दक्षिणेस समुद्र हटवून सरकारनें जमीन केली; मध्यें दलदल भरून केली; आणि खाडीपलीकडे ती शेतकऱ्यांकडून घेतली. म्हणजे तिन्ही दुकानें एकाच मालकाचीं, आणि गिऱ्हाइकानें कोणत्या दुकानांत जावें हें ठरविणाराही तोच. हें ध्यानांत घेतलें म्हणजे या चढाओढींतील पुष्कळ कोडीं उलगडतात.

याचें मूळ बरेंच मागें जातें. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत, १८६२ नंतरच्या थोड्या वर्षांत, कोटाचा तट जमीनदोस्त झाला. मोकळ्या झालेल्या मैदानाच्या कडेनें सरकारनें सेक्रेटरिएट, विद्यापीठ आणि हायकोर्ट यांच्या इमारती ओळीनें उभारिल्या; हायकोर्टाची इमारत १८७८ सालीं पुरी झाली. पुढें पोर्ट ट्रस्टनें समुद्रांत भराव घालून बॅलार्ड इस्टेट वसविली, आणि १९२० नंतर सरकारच्या विकासखात्यानें बॅकबे भरावयास घेतला. त्या कामांतील उधळपट्टी खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनीं चव्हाट्यावर आणिली. त्याबद्दल त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला झाला व त्यांतून ते निर्दोष सुटले. भरावाच्या कामावर ज्यानें टीकेची झोड उठविली, त्याचेंच नांव पुढें भरावांतील सर्वांत महाग जमिनीस मिळावें, यांत मुंबईचा म्हणून एक खास विनोद आहे.

दरम्यान लोक उत्तरेकडे चालले होते. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्याची वस्ती आंखून दिली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची गाडी धांवूं लागली. १९२८ सालीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत वीज गेली. त्यानंतर घरें गाडीच्या मागोमाग गेलीं. मूळच्या बेटाची, म्हणजे आजच्या मुंबई शहर जिल्ह्याची, लोकसंख्या १९८१ सालीं ३२ लाख ८५ हजार होती. २०११ सालीं ती उलट घटून ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच २०११ सालीं उपनगरांत ९३ लाख ५७ हजार लोक राहत होते. दर चार मुंबईकरांपैकीं तीन उपनगरांतले, आणि कचेऱ्या मात्र बेटाच्या अगदीं दक्षिण टोंकास! मुंबईचें बेट दक्षिणेकडे निमुळतें होत जातें. त्या निमुळत्या टोंकावर सारें काम आणि रुंद बाजूस सारीं घरें, असा हा उलटा संसार. सकाळीं गाड्या खालीं येतांना श्वास घेण्यास जागा नाहीं आणि परत जातांना बांकें रिकामीं; सायंकाळीं नेमकें याच्या उलट. रेल्वेनें कितीही गाड्या वाढविल्या तरी त्यांपैकीं निम्म्या फेऱ्या जवळजवळ फुकट जाव्यात, ही व्यवस्था कोणत्याही हिशेबी माणसास पटण्यासारखी नव्हती.

नगररचनाकारांना ती पटलीही नव्हती. १९४८ सालीं मुंबई म्युनिसिपालिटीचे अभियंते एन्. व्ही. मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनीं मुंबईचा जो ढोबळ आराखडा सादर केला, त्यांतच शहराचा भार बाहेर नेण्याची कल्पना होती. दहा वर्षांनीं स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटानें ठाण्याच्या खाडीवर पूल बांधण्याची शिफारस केली. पुढें धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेंही भार विभागण्यावरच भर दिला. परंतु या विचाराला खरी धार आली ती १९६५ सालीं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनीं 'मार्ग' या नियतकालिकांत असें मांडलें कीं, शहर उत्तर-दक्षिण अशा एकाच रेषेंत वाढवीत नेण्याऐवजीं बंदरापलीकडे पूर्वेस दुसरें शहर वसवावें. काम पूर्वेस गेलें तर रेषेचें वर्तुळ होईल, आणि एकाच दिशेनें वाहणारी गर्दी दोन्ही दिशांना वांटली जाईल. सरकारनें हा विचार उचलला. १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ९५ गांवांच्या, सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमीवर नवी मुंबई वसविण्याचें काम तिच्याकडे आलें.

या योजनेंत एक कळीचा मुद्दा होता, आणि तो योजकांना पूर्ण ठाऊक होता. कचेऱ्या आपण होऊन खाडी ओलांडणार नाहींत. परवाने, मंजुऱ्या, सवलती यांसाठीं ज्याला मंत्र्यांच्या आणि सचिवांच्या दाराशीं वारंवार उभें राहावें लागतें, तो व्यापारी मंत्र्यांपासून वीस-पंचवीस मैलांवर दुकान थाटणार नाहीं. म्हणून प्रथम सचिवालय पलीकडे न्यावें, मग बाकीचे येतील, असा त्यांचा आग्रह होता. सचिवालय १९५५ पासून बॅकबेच्या भरावावर होतें. तें हलविणें कठीण होतें, पण अशक्य नव्हतें; नवीं राजधानीचीं शहरें त्या काळीं देशांत बांधलीं जातच होतीं.

प्रत्यक्षांत काय घडलें? ज्या वर्षांत सिडकोचे अधिकारी खाडीपलीकडे रस्ते आंखीत होते, नेमक्या त्याच वर्षांत सचिवालयाच्या समोरचा समुद्र भरून नरिमन पॉइंटचे भूखंड दिले जात होते. एक्स्प्रेस टॉवर्स, ओबेरॉय हॉटेल, एअर इंडियाची इमारत अशा उंच वास्तु १९७० ते १९७५ च्या दरम्यान एकामागून एक उभ्या राहिल्या. या भूखंडांच्या वांटपाविरुद्ध पिलू मोदी प्रभृतींनीं उच्च न्यायालयांत अर्ज केला. प्रकरण पुष्कळ गाजलें; इमारती उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. सचिवालयाचें मंत्रालय झालें, पण तें जागचें हललें नाहीं. १९८१ सालीं नवें विधानभवन बांधून पुरें झालें तेंही त्याच भरावावर. खाडीपलीकडे चला असें सर्वांना सांगणाऱ्यानें आपली नवी बैठक समुद्राकांठींच मांडिली म्हणजे मग इतरांनीं काय समजावयाचें? आणखी एक बारीकशी गोष्ट सांगण्यासारखी आहे. नवी मुंबई वसविणाऱ्या सिडकोची मुख्य कचेरी यथावकाश बेलापुरास गेली. परंतु नरिमन पॉइंटच्या 'निर्मल' इमारतींतील आपली जागा तिनें सोडिली नाहीं, आणि नोंदणीकृत कचेरी म्हणून पत्ता तेथलाच राहिला. यांत तिचा दोष काढण्याचें कारण नाहीं. मंत्रालय जेथें आहे तेथें तिलाही जावेंच लागतें.

मंत्री हलले नाहींत, पण कांदे-बटाटे हलले. मशीदबंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या भागांतील घाऊक बाजार कायद्याच्या जोरावर वाशीस नेण्यांत आले. प्रथम कांदा-बटाटा, मग धान्य व मसाले, आणि १९९६ च्या सुमारास फळें व भाजीपाला अशा क्रमानें हें स्थलांतर झालें. त्यांच्याबरोबर अडते गेले, आणि पाठीवर पोतीं वाहणारे माथाडीही गेले. १९८९ सालीं न्हावा-शेव्यास जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें आणि जुन्या गोद्यांवरचें कामही ओसरूं लागलें. या सर्व वर्षांत मुंबईहून वाशीस जाण्यास रस्त्याचा पूल तेवढा होता. लोकल गाडी वाशीस पोहोंचली ती मे १९९२ मध्यें, सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनीं. आणि ज्यांच्या शेतांवर व मिठागरांवर हें शहर उभें राहत होतें, त्या आगरी-कोळी गांवांना जमिनीच्या मोबदल्यासाठीं झगडावें लागलें. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरणच्या बाजूस जें आंदोलन झालें, त्यांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मृत्युमुखीं पडले. त्यानंतरच संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस परत देण्याचें धोरण आकारास आलें. स्थलांतराचा भार कोणीं उचलला, हें यावरून दिसतें. ज्यांना 'नाहीं' म्हणण्याचें बळ होतें, ते राहिले. ज्यांना तें नव्हतें, त्यांना हलावें लागलें.

आतां तिसऱ्या दुकानाकडे वळावयाचें. १९७५ सालीं मुंबई महानगर प्रदेशासाठीं एक स्वतंत्र विकास प्राधिकरण स्थापन झालें. १९७७ सालीं त्याच्या हातीं वांद्रे आणि कुर्ला यांच्यामधील सुमारें ३७० हेक्टर जमीन सोंपविण्यांत आली, आणि त्याच सुमारास दक्षिण भागांत नव्या कचेऱ्या बांधण्यावर निर्बंध घालण्यांत आले. ही जमीन म्हणजे मिठी नदी माहीमच्या खाडीस मिळते तेथील खारवट दलदल. पूर्वीं मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधील ही सीमाच होती. आजही मुंबईच्या बेटांत रिक्षास प्रवेश नाहीं, ती वांद्र्यास आणि शीवेस थबकते. अशा सीमेवर, दोन्ही रेल्वेमार्गांच्या मध्यें, कचेऱ्यांचें केंद्र उभारावें म्हणजे दक्षिणेचा भार हलका होईल, ही कल्पना वाईट नव्हती. उपनगरांतील कारकुनाची रोजची वाट तिनें निम्म्यानें तोडली असती. परंतु नवी मुंबईच्या दृष्टीनें पाहिलें तर ती घातक होती. गिऱ्हाइकानें पूल ओलांडून पलीकडे यावें म्हणून सात वर्षें हांका मारीत असलेल्या मालकानेंच पुलाच्या अलीकडे तिसरें दुकान उघडलें, तर गिऱ्हाईक पलीकडे कशाला जाईल?

पहिलीं दहा-पंधरा वर्षें या संकुलांत विशेष कांहीं घडलें नाहीं. तेथें गवत वाढे आणि डांस माजत. १९९० नंतर मात्र चित्र पालटलें. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, आय.सी.आय.सी.आय., शेअरबाजारावर देखरेख करणारी सेबी, परदेशी पेढ्या, एकामागून एक तेथें आल्या. पुढें २०११ सालीं अमेरिकेची वकिलातही ब्रीच कँडीहून उठून तेथें गेली. हें सर्व केवळ सरकारी हुकमानें झालें असें म्हणतां येणार नाहीं. आणि जुन्या कोटास ओहोटी कां लागली हें समजण्यासाठीं एका कायद्याची हकीकत पाहिली पाहिजे.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें मुंबईंतील जुन्या जागांचीं भाडीं १९४० च्या सुमाराच्या पातळीवर गोठविलीं. महायुद्धाच्या महागाईंत भाडेकरूस आधार मिळावा हा हेतु योग्यच होता; परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा अर्धें शतक राहिला. त्याचा फायदा चाळींतील गिरणीकामगारास मिळाला, तसाच फोर्टमधील मोठ्या पेढीसही मिळाला. ज्या पेढीचें महिन्याचें भाडें तिच्या चहापाण्याच्या खर्चाहून कमी, ती जागा कशाला सोडील? आणि ज्या मालकास त्या भाड्यांतून गिलावाही करतां येत नाहीं, तो इमारत दुरुस्त कशी करील? त्यामुळें फोर्टमधील इमारती एकाच वेळीं भरलेल्या आणि खिळखिळ्या अशा राहिल्या. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा अमलांत आला. बँका, सार्वजनिक उद्योग आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेलें भांडवल असलेल्या कंपन्या यांना जुन्या भाड्याचें संरक्षण उरलें नाहीं. बड्या भाडेकरूंना फोर्टमध्यें धरून ठेवणारी दोरीच एका दिवसांत तुटली.

नरिमन पॉइंटचें दुखणें वेगळें होतें. १९९५ च्या सुमारास तेथील भाडें जगांतील सर्वांत चढ्या भाड्यांत गणलें जाई. परंतु त्या इमारतींतील मजले तुकड्यातुकड्यांनीं अनेक मालकांना विकलेले होते. लिफ्ट बदलावयाची किंवा वातानुकूलनाची नवी यंत्रणा बसवावयाची तर सर्वांची संमति पाहिजे, आणि ती मिळतां मिळतां यंत्रणाही जुनी व्हावयाची. संगणकांच्या काळांत बँकेला शेंकडों माणसें एकाच प्रशस्त मजल्यावर बसवावयाचीं असतात; १९७० सालच्या मजल्यांवर तें जमत नव्हतें. उलट संकुलांत एकच मालक, ऐंशी वर्षांचा भाडेपट्टा, मोठे भूखंड आणि गाड्या उभ्या करण्यास जागा. विमानतळ जवळ. शिवाय एक कारण असें आहे कीं, तें कोणत्याही अहवालांत ठळकपणें लिहिलेलें सांपडत नाहीं. कचेरी कोठें असावी हें ठरविणारे अधिकारी स्वतः आतां वांद्रे, जुहू, अंधेरी या भागांत राहूं लागले होते. कारकून तीस वर्षें गाडींतून लोंबकळत आला तेव्हां कचेरी हलली नाहीं. साहेबाची मोटार रस्त्यांत अडकूं लागली तेव्हां हलली.

हिऱ्यांच्या व्यापाराची गोष्ट यांतली सर्वांत बोलकी आहे. हा व्यापार ऑपेरा हाउसजवळच्या पंचरत्न, प्रसाद चेंबर्स अशा इमारतींतून आणि त्याहून अधिक त्यांच्या खालच्या पदपथावर चाले. दलाल खिशांतून कागदाची पुडी काढीत, ती उलगडून उन्हांत धरीत, आणि लाखोंचा सौदा दोन शब्दांत होई. हातांतून हातांत जाणारा असा व्यापार विश्वासावर चालतो, आणि विश्वास शेजारावर असतो. त्यामुळें एकानें जाऊन भागत नाहीं, सर्वांनीं मिळून जावें लागतें. संकुलांत भारत डायमंड बोर्सच्या भव्य इमारती उभ्या राहून २०१० सालीं व्यवहार सुरू झाला, तरी पुष्कळ व्यापारी मागें रेंगाळत होते. १३ जुलै २०११ रोजीं ऑपेरा हाउस, झवेरी बाजार आणि दादर येथें बाँबस्फोट झाले. त्यानंतर राहिलेल्यांनींही भराभर गाशा गुंडाळला. त्यांच्यामागून आंगडिये गेले, भोजनालयें गेलीं, आणि ऑपेरा हाउसच्या पदपथावरून आतां भर दुपारींही सरळ चालतां येतें. डिसेंबर २०२३ मध्यें सुरतेस याहूनही मोठ्या हिरेबाजाराचें उद्घाटन झालें. तेव्हां चढाओढ कोट आणि उपनगर यांच्यापुरती राहील, असें उपनगरानें समजूं नये.

या विजयाची किंमतही उपनगरानेंच दिली आहे. संकुल दोन रेल्वेमार्गांच्या मध्यें वसविलें, पण त्याच्या आंत स्थानक नव्हतें. वांद्रे, कुर्ला किंवा शीव येथें उतरून उरलेला मार्ग बसनें, वांटून घेतलेल्या रिक्षेनें अथवा पायीं कापावा लागे. भूखंड विकतांना प्रथम गाडी आणि मग इमारत असा क्रम ठेविला असता, तर लक्षावधि लोकांच्या आयुष्यांतील कितीतरी तास वांचले असते. तसें झालें नाहीं, कारण भूखंडांच्या पैशांतूनच पुढें रस्ते आणि मेट्रो बांधावयाच्या होत्या. ज्या प्राधिकरणाचें काम गर्दी पांगविणें, त्याचें उत्पन्न एका ठिकाणच्या जमिनीचा भाव चढण्यावर अवलंबून राहिलें. या विसंगतीचा दोष कोणा एका अधिकाऱ्यावर टाकतां येत नाहीं. ती व्यवस्थेच्या पायांतच आहे.

दुसरी किंमत पाण्याची. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशीं कुलाब्यास शंभर मिलिमीटरही झाला नाहीं. विहार आणि पवई तलावांकडून येणारी मिठी नदी फुगली, माहीमच्या खाडीस भरती होती, आणि पाणी कुर्ला, कलिना, वांद्रे या वस्त्यांत शिरलें. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमण्यांत आली. नदीचें पात्र कशानें आंवळलें गेलें याची तेव्हां जी चर्चा झाली, तींत झोपड्या, भंगाराचीं गोदामें आणि विमानतळाची धांवपट्टी यांच्याबरोबर संकुलाच्या भरावाचेंही नांव निघालें. अतिक्रमण म्हटलें म्हणजे झोपडीच डोळ्यांसमोर येते. परंतु खारफुटीच्या दलदलीस पावसाचें पाणी जिरविण्याचें जें काम होतें, तें तिच्यावर कोणीही भराव घातला तरी बंदच पडतें.

केवळ कचेऱ्यांचीच वांटणी बदलली असें नव्हे. १९६९ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र नरिमन पॉइंटच्या टोंकाशीं आहे. मार्च २०२३ मध्यें संकुलांतही एक भव्य खाजगी सांस्कृतिक केंद्र उघडलें. उपनगरांतील रसिकास नाटक पाहून रात्रीं शेवटची गाडी गांठण्याची धडपड त्यामुळें कांहीं अंशीं चुकली. तिकिटाचे दर त्यास परवडतात कीं नाहीं, हा वेगळा प्रश्न.

मग कोटाकडे काय राहिलें? येथें गोष्टीस चमत्कारिक वळण लागलें आहे. व्यापारी निघून गेल्यावर त्यांच्या जागीं सरकारच शिरूं लागलें. एअर इंडियाची मुख्य कचेरी २०१३ सालीं दिल्लीस गेली. तिची नरिमन पॉइंटवरील तेवीस मजली इमारत महाराष्ट्र सरकारनें १,६०१ कोटी रुपयांस घेण्याचें ठरविलें आणि मार्च २०२४ मध्यें त्यास केंद्राची मान्यता मिळाली. मंत्रालयांत न मावणाऱ्या खात्यांसाठीं ती जागा हवी होती. २०२५ सालीं रिझर्व्ह बँकेनें नरिमन पॉइंटवरीलच सुमारें सव्वाचार एकरांचा भूखंड ३,४७२ कोटींस घेतला. विकणारी संस्था मेट्रो बांधणारें सरकारी महामंडळ. विकणारेंही सार्वजनिक आणि घेणारेंही सार्वजनिक! १९७० सालीं ज्या सचिवालयानें खाडी ओलांडावी असें योजकांना वाटलें होतें, तें ओलांडणें तर दूरच, आतां समुद्राकांठीं पसरत चाललें आहे. आणि १९७० सालीं जो पूल हवा होता तो आतां एकाऐवजीं अनेक झाले आहेत. शिवडी ते न्हावा हा सुमारें २२ किलोमीटरांचा अटल सेतु जानेवारी २०२४ मध्यें खुला झाला, आणि नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. पूल आला, विमानतळ आला, मंत्रालय तेवढें आलें नाहीं.

त्याच ऑक्टोबर २०२५ मध्यें आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरांचा भुयारी मेट्रोमार्ग पूर्ण खुला झाला. त्यावर संकुलासही स्थानक आहे आणि विधानभवनासही. पन्नास वर्षें परस्परांचीं गिऱ्हाइकें ओढणारीं हीं दोन ठिकाणें एका गाडीनें जोडलीं गेलीं. दक्षिणेस त्यामुळें पुन्हां भरती येईल, कीं उरलेलेही सहज निघून जातील, याविषयीं जाणकारांत एकमत नाहीं. मुंबईंत आजवर नव्या मार्गानें माणसें दोन्ही दिशांना नेलीं आहेत. कचेऱ्या मात्र जेथें सरकारी भूखंड विक्रीस निघाला, तिकडे गेल्या आहेत. पुढचा भूखंड कोठें निघतो, तें पाहिलें पाहिजे.

एक मोठें बिऱ्हाड तर हलणार हें ठरल्यासारखेंच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलासाठीं वांद्रे पूर्वेस, सरकारी वसाहतीच्या जागेवर, २३ सप्टेंबर २०२४ रोजीं कोनशिला बसविण्यांत आली. जुन्या इमारतींत न्यायमूर्तींना, वकिलांना आणि विशेषतः पक्षकारांना जागा पुरत नाहीं, हें तेथें एकदां जाऊन आलेल्या कोणासही सांगावें लागणार नाहीं. आणि पक्षकारांपैकीं बहुतेक तर उपनगरांतूनच येतात. १८७८ च्या त्या दगडी इमारतीचें पुढें काय करावयाचें हा प्रश्न पुढें आहेच. परंतु त्या इमारतीच्या भरंवशावर फोर्टच्या गल्ल्यांत वकिलांचीं बिऱ्हाडें, कायद्याच्या पुस्तकांचीं दुकानें, मुद्रांक विकणारे आणि पदपथावर यंत्र घेऊन अर्ज टंकून देणारे असें एक सबंध गांव वसलें आहे. त्यांच्यासाठीं भूखंड राखून ठेवण्याची पद्धत नाहीं. आणि ऑपेरा हाउसच्या दलालांप्रमाणें सर्वांनीं मिळून उठावें, इतकें त्यांचें बळही नाहीं.